तीन कॅनचं कुंकू

१

प्रसेनजित खरातनं ॲसिडची कॅन उचलली आणि ती इतक्या सहज उचलली गेली, की पठ्ठ्याचा तोल जाऊन तो मागच्या भिंतीवर आदळला.

आता पन्नास किलो ॲसिडची कॅन काही अशी हसत हसत उचलली जात नसते. निंबटेकच्या नागरे सीड प्लँटवर प्रसेनजितचं हे सहावं वर्ष. कॅन उचलताना कंबर किती वाकवायची, श्वास कुठं धरायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं हातमोजे नीट केले, झाकण फिरवलं, काडीला सरकीची तूस गुंडाळली आणि आत बुडवली. ॲसिड असतं तर तूस बघता बघता कोळसा झाली असती. ती नुसती ओली झाली.

"सुचिताताई," तो तिथूनच ओरडला, "हे तं पानी हाय!"

मग एकेक करत दहाही कॅन तपासल्या. सातांत ॲसिड निघालं, तिघींत पाणी.

ग्रामसेविका समता हिवाळे प्लँटवर पोचली तेव्हा अकरा वाजले होते. सरकारनं त्या पदाचं नाव बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलंय, पण गावाला ते अजून पचलेलं नाही. गावाच्या लेखी ती ग्रामसेवक मॅडमच. वय पस्तीस, माहेर-सासर दोन्ही देऊळगाव राजाकडचं, आणि स्वभाव असा, की कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे न विचारता पुढं जाणं तिला जमतच नसे. गावात काही हरवलं की पोलीस पाटलाच्या आधी लोक तिच्याकडं येत.

"मॅडम, मी पोलिसात नाही गेले. आधी तुमाले बोलावलं," सुचिता नागरे म्हणाली. प्लँटची मालकीण ती. नवरा पुण्याला कंपनीत, आणि इथला सगळा पसारा हिच्या खांद्यावर. आवाज धीराचा होता, पण हातातली ओढणी तिनं पिळून पिळून दोरी केली होती. "चार वाजता नायब तहसीलदार येऊन राह्यले, साठा मोजाले. कागदावर दहा कॅना. अन् हे असं."

भानगड समजायला कागदाची गोष्ट आधी सांगायला हवी. या भागात कपाशीचं बियाणं पिकतं. सरकीला चिकटलेली तूस ॲसिडनं जाळायची, बी धुवून वाळवायचं, तेव्हा कुठं ते पेरायच्या लायकीचं होतं. ॲसिड म्हणजे विष, म्हणून ते ठेवायला परवाना लागतो. गेल्या सालापासून त्यात भर पडली होती. गावात कुणाकडं काय घातक रसायन आहे, किती आहे, याचं विवरण प्रत्येकानं द्यायचं, आणि ग्रामपंचायतीनं ते तपासून ऑनलाइन चढवायचं, खाली 'पडताळणी केली' म्हणून शिक्का मारायचा. उद्या आग लागली तर बंबवाल्यांना कळायला हवं आत काय आहे ते. हेतू सोन्यासारखा. पण कागद आणि माल जुळला नाही, तर परवाना जागच्या जागी रद्द. आणि दीडशे किलो ॲसिड गेलं कुठं, म्हणून पोलीस केस वेगळी.

"परवाना गेला तं हंगाम गेला," सुचिता म्हणाली. "अन् एकदा गेलेला परवाना परत भेटत नाही, मॅडम. शेजारच्या गावचा प्लँट पाहा ना, दोन वर्षांपासून कुलूप हाय."

समता स्टोअरमध्ये शिरली. खोलीला एक दार, खिडकी नाही. दहा निळ्या कॅन भिंतीला ओळीनं लावलेल्या. दसऱ्याला पाच दिवस झाले होते, तरी वाळलेला झेंडू अजून प्रत्येकीच्या गळ्यात. झाकणावर आणि मानेवर बोटांनी ओढलेले पट्टे. काहींवर पिवळे, काहींवर लाल.

"या कॅनला सील नसतं का?"

"सुट्या येतात, जालन्याहून. त्याच त्याच भरून देतात," प्रसेनजित म्हणाला.

"पाणी कुठल्या तिघींत निघालं?"

त्यानं बोट दाखवलं. दारापासून दुसरी, पाचवी आणि कोपऱ्यातली. समतानं त्या तिघींकडं पाहिलं, मग बाकीच्या सातांकडं, आणि तिच्या कपाळावर आठी आली. तिघी लाल होत्या. साती पिवळ्या होत्या.

२

"पिवळं ते हळद अन् लाल ते कुंकू," सुचिता वैतागून म्हणाली. "आत्याबाईंनी दसऱ्याच्या सकाळी पूजा केली. मॅडम, चार वाजायले आले, तुमी कुंकू कायले पाहता?"

चार वाजायला पाच तास होते, पण घाबरलेल्या माणसाचं घड्याळ पुढंच असतं.

समताच्या घरी ही पूजा नव्हती. दसऱ्याला ती नागपूरला, दीक्षाभूमीला गेलेली. सुचितानं जन्मभर कुंकू पाहिलं होतं, म्हणून तिला त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं. समताला मात्र वाटत होतं. तिनं ते मनात एका बाजूला ठेवलं आणि माणसांकडं वळली.

प्रसेनजितचं नाव तिनं लगेच खोडलं. अष्टमीच्या सकाळपासून काल संध्याकाळपर्यंत तो रजेवर होता, आणि नागपूरच्या गाडीत तिच्याच मागच्या सीटवर बसून जाता-येता घोरत होता. इतका पक्का पुरावा पोलिसांनाही मिळत नाही.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्यापाशी, एक उत्तमराव काकापाशी. मी अष्टमीले अमडापूरले गेल्ते माहेरी, आईची तब्येत बरी नव्हती. दसऱ्याच्या सकाळी आले. तोवर माझी किल्ली माझ्या पर्समध्येच होती."

उत्तमराव म्हणजे प्लँटचे स्टोअरकीपर. सुचिताच्या सासऱ्यांच्या वेळचा माणूस. साठी उलटलेली, धोतर स्वच्छ, आणि आयुष्यात कुणाचा एक खिळा घरी नेलेला नाही अशी गावभर ख्याती. ते वजनकाट्याजवळ उकिडवे बसले होते.

"काका, टेम्पो कधी आला?"

"अष्टमीले. दुपारी."

"माल तुम्हीच उतरवून घेतला?"

"हाव."

"किती कॅन उतरल्या?"

उत्तमरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "कागदावर हायेत तेवढ्या."

"चलान दाखवा."

"चलान भिजलं. फेकलं मी ते."

पाऊस बंद होऊन पंधरवडा झाला होता. समता म्हणाली, "काका, तुम्ही खोटं बोलणारे नाही. काय झालं ते सांगून टाका."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय सांगू? तुमाले तं समदं ठाऊकच हाय, मॅडम."

एवढं बोलून ते उठले आणि नळावर जाऊन तोंड धुवत राहिले. माणसं अधिकाऱ्याला असं म्हणतच असतात, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला सगळं कळतं, वगैरे. समतानं ते तिथंच सोडून दिलं. हीच तिची त्या दिवसाची मोठी चूक, पण ती पुढं.

तिनं जालन्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. मोतीरामशेठ. माणूस गोड, पण सावध.

"नागरे प्लँटला कॅन किती दिल्या, शेठ?"

"रजिस्टरले दहा हायेत, मॅडम."

"रजिस्टर नाही विचारत. टेम्पोत किती चढवल्या?"

"रजिस्टरले दहा हायेत," शेठ पुन्हा तेच म्हणाले. "हे पाहा, ॲसिडचा धंदा हाय. मी रजिस्टरच्या बाहेर एक अक्षर बोलत नसतो." आणि फोन बंद.

म्हणजे व्यापाऱ्याच्या कागदावर दहा, प्लँटच्या विवरणात दहा, ग्रामपंचायतीच्या पडताळणीत दहा. तीन कागद एका सुरात बोलत होते. तीन कॅन मात्र त्यांचं ऐकायला तयार नव्हत्या.

"एक राह्यलं, मॅडम," सुचिता हळूच म्हणाली. सांगावं की नको, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "दसऱ्याच्या दुपारी राजकुमार भाऊजी किल्ली घेऊन गेल्ते. शिडी पायजे म्हणून. शिडी स्टोअरमध्येच असते."

"राजकुमार? स्टँडवरचे?"

"हाव. त्यांचं बॅटरीचं दुकान हाय."

आणि बॅटरीत काय घालतात, हे तिथं कुणालाच सांगावं लागलं नाही.

३

जालना रस्त्यावर, एसटी थांब्यासमोर राजकुमारचं दुकान. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दारापर्यंत आलेल्या. राजकुमार जाडजूड, हसतमुख गडी. समताला पाहून हसला, तिच्या मागं सुचिता दिसताच हसू मावळलं.

"काय वहिनी, मॅडमले घेऊन?"

समता बोलत बोलत आतल्या पडद्यापर्यंत गेली आणि पडदा सरकवला. मागं दोन निळ्या कॅन होत्या. अगदी तशाच.

"भाऊजी!" सुचिताचा आवाज चिरकला. "घरातल्या घरात असं करता? मागतलं असतं तं दिलं नसतं का मी?"

"कायचं मागतलं? अवं वहिनी, मी शिडीच नेली, आईची शपथ! हे ॲसिड माहं सोताचं हाय. चिखलीहून आणतो मी."

"मग विवरणात का नाही?" समतानं विचारलं. "तुमच्या दुकानाचा फॉर्म कोरा आलाय. मी तीनदा निरोप दिला."

राजकुमारनं कपाळाचा घाम पुसला. "फॉर्म पाह्यला का तुमी तो, मॅडम? बावीस पानं! सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव लिहा म्हणते. दुर्घटना झाल्यावर कामगारांनी कुठी जमावं त्याचा नकाशा काढा म्हणते. मी एकटा माणूस दुकानात. मीच मालक, मीच कामगार, मीच सुरक्षा अधिकारी. दुर्घटना झाली तं मी एकट्यानं कुठी जमू?"

समताला हसू आलं, तिनं ते गिळलं. बरोबर आलेल्या प्रसेनजितनं तोवर काडीला तूस गुंडाळून कॅनमध्ये बुडवली होती. तूस पिवळसर झाली, काळी पडली नाही.

"पातळ हाय," तो म्हणाला. "बॅटरीचंच."

"पाणी घालून पातळ करता येते की," सुचिता फणकारली.

तेही खरं होतं. राजकुमार सुटलाही नव्हता आणि अडकलाही नव्हता. चारला साहेब येणार, तोवर नाव सांगावं लागणार, आणि नाव घ्यावं तर घरातलं. सुचिता दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. "भाऊजीचं नाव सांगू की काकाचं, मॅडम? एकाले तं आत टाकाच लागन."

"आज कुणाचंच नाव सांगू नका," समता म्हणाली. "आधी मला तुमच्या सासूबाईंकडं न्या."

"आत्याबाईले काय इचारता? त्यायनं तं नुसती पूजा केली."

"तेच विचारायचंय."

४

रुखमाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. पंचाहत्तरीच्या, पण सुपाचा झोका असा की कोंडा नेमका अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पडे.

"आत्या, स्टोअरमध्ये काही कॅनला हळद लावली अन् काहींना कुंकू, असं का?"

"हळद?" रुखमाबाईंनी सूप थांबवलं. "हळद मी उंबऱ्याले लावली. कॅनाईले समद्याईले कुंकूच."

"दहाहींना?"

"दहा होत्या का बारा, मले काय ठाऊक. होत्या तेवढ्याईले लावलं. या तीन बोटांनी." त्यांनी उजवा हात पुढं केला. मधलं बोट पेरापासून वाकडं होतं, लहानपणी चरकात सापडलेलं. समताला स्टोअरमधले पट्टे आठवले. दहाही कॅनवर मधला पट्टा आखूड होता. हात एकच, यात शंका नव्हती. म्हणजे त्या दहाही कॅन पूजेच्या वेळी तिथंच होत्या.

"मग साती पिवळ्या कशा?"

"अवं, ते तं दरसाली होते. इकडं बोट टेकवलं, तिकडं कुंकू पिवळं. ॲसिडच्या भांड्याले काय सोसते का कुंकू? झाकनाच्या भवताल ओलसर असतेच ना थोडं. पन मी लावतो, आपला नेम नाही मोडत." रुखमाबाईंचा चेहरा एकदम उजळला. "यंदा मातर तिघींनी कुंकू राखलं, बाई! लालच्या लाल. मले इतकं बरं वाटलं. म्हटलं, यंदा हंगाम चांगला जाईन."

समता त्यांच्यासमोर खालीच बसली. "कुंकू बाजारचं होतं का, आत्या?"

"बाजारचं मले खाजते. मी घरीच करतो. हळद, चुना अन् वरून पापडखार."

समतानं थोडं कुंकू मागून घेतलं, कागदाच्या पुडीत बांधलं, आणि जवळजवळ पळतच निघाली. सुचिता मागून विचारत राहिली, काय झालं, काय झालं. समताला स्वतःलाच आधी खात्री करून घ्यायची होती.

५

स्टोअरच्या दारात समतानं पांढरा कागद ठेवला आणि रुखमाबाईंच्या कुंकवाची दोन बोटं त्यावर ओढली. राजकुमार आला होता, उत्तमराव होते, प्रसेनजित काडी घेऊन उभा होता.

"लाल कॅनमधला थेंब टाका."

प्रसेनजितनं टाकला. कुंकू लालच राहिलं.

"आता पिवळीतला. जपून."

थेंब पडला आणि लाल पट्टा डोळ्यांदेखत पिवळा झाला. वरून कागदाला भोकही पडलं.

"अरे बाप्पा!" राजकुमार म्हणाला.

"हे हळदीचं कुंकू आहे. खारानं लाल होतं, आंबटानं परत पिवळं," समता म्हणाली. "ॲसिडच्या कॅनच्या तोंडाशी ॲसिडचा ओलावा असतोच. आत्यांनी बोट लावलं त्याच क्षणी सात कॅननी कुंकू पिवळं केलं. तीन कॅननी केलं नाही. का? कारण त्यांच्या तोंडाला ॲसिड नव्हतंच. कुणी दसऱ्यानंतर ॲसिड काढून पाणी भरलं असतं, तर कुंकू आधीच पिवळं झालेलं असतं, ते पुन्हा लाल कसं होणार? कुणी कॅनच बदलल्या असत्या, तर आत्यांच्या वाकड्या बोटाचा पट्टा तिघींवर आला नसता. म्हणजे पूजेच्या वेळी त्या तीन कॅन स्वच्छ धुतलेल्या होत्या आणि त्यात पाणीच होतं."

"म्हंजे मी सुटलो," राजकुमार म्हणाला. "मी तं दुपारी गेल्तो, पूजा सकाळी."

"तुम्ही सुटलात. आणि चलान गायब आहे, शेठ टेम्पोतला आकडा सांगत नाहीत, म्हणजे ॲसिड चोरीला गेलंच नाही. तीन कॅन ॲसिड या स्टोअरमध्ये कधी आलंच नव्हतं. टेम्पोतून सातच कॅन उतरल्या. दसऱ्याच्या आधी, किल्ली असलेल्या माणसानं जुन्या तीन रिकाम्या कॅन धुतल्या, पाण्यानं भरल्या आणि ओळीत लावल्या."

कुणीच उत्तमरावांकडं पाहिलं नाही, आणि त्यामुळंच सगळ्यांचं लक्ष तिकडं आहे हे कळत होतं.

समतानं पुन्हा फोन लावला. "मोतीरामशेठ, तीन कॅन तुमच्याच गोदामात आहेत ना?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग, "बांधून ठेवल्या मॅडम, तुमच्या नावानं. माल कमी होता त्या दिवशी. ऑर्डर घेतली तवाच रजिस्टरले दहा लिवून बसलो होतो. आता खाडाखोड केली की विचारतात. म्हटलं, दिवाळीनंतर पाठवून देऊ, कोणाले कळते?"

सुचितानं मटकन पोत्यावर बसकण मारली. ॲसिड सापडलं होतं. पण एक प्रश्न उरला होताच.

"काका," ती म्हणाली, "तुमी काऊन केलं असं? सात आल्या तं सात सांगायच्या. मी काय खाल्लं असतं का तुमाले?"

उत्तमरावांनी टोपी काढून हातात घेतली. ते सुचिताकडं पाहतच नव्हते. ते समताकडं पाहत होते.

"मॅडम, सांगू का मी?"

"सांगा की."

"अष्टमीले टेम्पो गेल्यावर मी ऑफिसात आल्तो तुमच्याकडं. तुमी कॉम्प्युटरवर होत्या. नागपूरची गाडी पकडायची घाई होती तुमाले. म्हटलं, मॅडम, कॅना सातच आल्या. तुमी म्हनाल्या, काका, मी मागच्या साली होता तोच आकडा टाकला अन् पाठवूनही देला. आता बदलता येत नाही, बदलला की चौकशी लागते. गोदामात दहा दिसल्या पायजे, बस्स." त्यांनी टोपीची घडी घातली. "मी मग दहा दिसतीन असं केलं. सकाळपासून तुमी मलेच इचारून राह्यल्या. तुमचं नाव मी तुमाले कसं सांगू?"



समताला आठवलं. शब्दन्‌शब्द नाही, पण स्क्रीन आठवली. एकोणीस फॉर्म, शेवटची तारीख, मागच्या वर्षीची माहिती जशीच्या तशी उचलून आणायचं ते बटण, आणि खाली 'प्रत्यक्ष पाहणी केली' यापुढची चौकट. तिनं एकोणीस वेळा तिथं बरोबरची खूण केली होती. पाहणी एकदाही केली नव्हती. मान वर न करता ती कुणाशी तरी बोललीही होती. सकाळपासून ती ज्याला शोधत होती, तो माणूस तीच होती, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६

साडेतीन वाजले होते.

सुचितानं स्टोअरचं दार लोटून घेतलं. "मॅडम, ऐका. साहेब कॅना मोजतात. उघडून कोन पाहते? दहा हायेत, दहा दिसतात. दिवाळीनंतर तीन येतीनच. माहा परवाना वाचन, तुमची नोकरी वाचन, काकाचं नाव येत नाही. कोनाचं काय वाईट होते त्यात?"

खरं सांगायचं तर समताच्या मनातही हेच आलं होतं, सुचिताच्या आधी. तिनं पाण्याच्या त्या तीन कॅनकडं पाहिलं. मग तिनं प्रसेनजितला विचारलं, "ॲसिडच्या ड्रममध्ये चुकून पाणी ओतलं तर काय होतं?"

"उकळून उसळते. अंगावर येते."

"सोमवारी सरकीचा पहिला घाणा. ड्रमवर कोण?"

"मी ओततो. कलाबाई अन् आशाबाई काठीनं हलवतात." तो थांबला. "आज वजन कळलं नसतं, अन् अर्धी कॅन ओतून पुढं या तिघींतली उचलली असती तं..."

उत्तमराव भिंतीला टेकून खाली बसले. "हे माह्या ध्यानातच नाही आलं," ते म्हणाले. "आई शप्पथ, नाही आलं."

"माझ्याही नाही आलं, काका," समता म्हणाली.

चारला पाच मिनिटं कमी असताना जीप आली. नायब तहसीलदार पश्चिम महाराष्ट्रातले, तरुण, उन्हानं वैतागलेले. त्यांनी दारातूनच कॅन मोजल्या, दहा, आणि पेन उघडलं. "ठीक आहे. जुळतंय."

"नाही जुळत, साहेब," समता म्हणाली. "सातच आहेत."

आणि तिनं सगळं सांगितलं. कुंकवापासून कॉम्प्युटरपर्यंत. साहेब आधी चिडले, मग ऐकत राहिले, मग त्यांनी ती कागदावरची पिवळी रेघ दोनदा पाहिली. जालन्याला स्वतः फोन लावून तीन कॅनचा फोटो मागवला. फोटो आला.

"हे बघा, मॅडम," ते म्हणाले, "माल गेलेला नाही, आकडा चुकला, एवढं लेखी मिळालं तर यांचा परवाना मी राखू शकतो. पण ते पडताळणी करणाऱ्यानं लिहून द्यायचं असतं. न बघता खूण केली, हे तुमच्या सहीनं. नोटीस तुम्हाला निघेल, वेतनवाढही थांबेल बहुतेक. नाही दिलं, तर स्टोअरकीपरवर गुन्हा आणि परवाना रद्द. चहा होईपर्यंत विचार करा."

चहाला आधण ठेवायच्या आतच समतानं लिहायला घेतलं होतं. दीड पान झालं. उत्तमरावांचं नाव तिनं एकदाच लिहिलं, आणि त्यांच्यापुढं 'माझ्या सांगण्यावरून' असं घातलं. सही केली.

साहेबांनी जबाब फाइलला लावला, विवरणावर 'सात' लिहून शिक्का मारला आणि सुचिताच्या हातात दिला. तिनं तो कागद दोनदा वाचला, तरी तिचा चेहरा सैल झाला नाही.

"म्हंजे मॅडम," ती म्हणाली, "माहा परवाना तुमच्या एका बटणापायी जाऊन राह्यला होता. अन् मी सकाळपासून घरच्या मानसाईवर संशय घेतला. भाऊजीले चोर म्हटलं मी, भर रस्त्यावर."

"हो," समता म्हणाली.

"एक इचारू? साहेबासमोरच इचारते. गावच्या पाण्यात जंतू माराले टीसीएल पावडर टाकता ना तुमी, टाकीवर. तेही इषारीच हाय, त्याचाही फॉर्म असनच. त्यात किती गोण्या लिवल्या?"

"वीस."

"मोजल्या होत्या?"

साहेबांनी कपातून मान वर केली. राजकुमार उगाच दुसरीकडं पाहू लागला. समताला हो म्हणता आलं असतं. आजच्या दिवसाला एक कबुली पुष्कळ झाली, असं कुणीही म्हटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तोही मागच्या वर्षीचाच आकडा आहे. ती खोली मी कधी उघडून बघितलेली नाही."

माझी लेकरं तेच पाणी पितात, असं सुचिता म्हणाली नाही. तिच्या तोंडावर ते आलं होतं, समतानं पाहिलं. समताची लेकरंही तेच पीत होती.

"किल्ली कुठं असते?" साहेबांनी विचारलं.

"ऑफिसात. माझ्या ड्रॉवरमध्ये."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, उसासा टाकला आणि पेन पुन्हा खिशातून काढलं. समता चपला घालून फाटकाकडं निघाली. मागून पावलं ऐकू आली म्हणून तिनं वळून पाहिलं, तर सुचिता येत होती, ओढणी खांद्यावर नीट करत.

"तुमी कशाला?" समतानं विचारलं.

"दोघी असलो तं लवकर होईन," सुचिता म्हणाली. "तुमी गोण्या मोजा, मी आकडा लिवते."